केसांची नोंद



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखादा विषय काढील, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही आज जो विषय घेतला आहे, तो ऐकून काही मंडळींना हसू येण्याचा संभव आहे. तोंडावरील मुरुमांसाठी घ्यावयाची औषधे आणि त्यांमुळे डोक्यावरील केस गळण्याची शक्यता, हा तो विषय. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षणही शाळेच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. जे वाचले ते वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर वाचले. तेव्हा अमुक औषध घ्या किंवा घेऊ नका, असा सल्ला आमच्याकडून अपेक्षू नये. आम्ही सांगणार आहोत तो इतिहास आहे; आणि तो सांगण्याचा आमचा अधिकार एवढाच की, या इतिहासात मजूर, कैदी आणि खेडूत पदोपदी भेटतात.

प्रश्न तसा सरळ आहे. मुरुमांवरील गोळ्या घेतल्या तर केस गळतात काय? आजचे वैद्यक याला उत्तर देते ते असे: काही औषधांनी गळू शकतात, थोड्यांचेच गळतात, आणि गळलेल्यांपैकी बहुतेकांचे पुन्हा येतात. एवढे सांगण्यास अर्धे मिनिट पुरते. परंतु एवढे ठाऊक होण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. ते कोणाच्या अंगावर ठाऊक झाले, कोणी मोजले आणि कोणी मोजलेच नाही, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तरातील ‘शकतात’ या शब्दाचे मोल कळत नाही.

आरंभीच एक आक्षेप दूर केला पाहिजे. केस म्हणजे नटण्यामुरडण्याची बाब, तिच्यावर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या समाजात बाईचे केस काढून तिला माणसांतून उठविण्याची चाल होती, त्या समाजाने तरी हे म्हणू नये. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरविली, आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार त्या कारागिरांनी केला. आपल्या देशातील कामगार चळवळीच्या अगदी पहिल्या पानांवर केसांचा प्रश्न आहे, आणि तो अब्रूचा प्रश्न म्हणून आहे. आपल्या कर्जत तालुक्यापुरते बोलावयाचे तर माथेरानचे हुतात्मा भाई विठ्ठलराव कोतवाल, ज्यांनी २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देह ठेवला, तेही न्हावी समाजातच जन्मले होते. आजही एखाद्या तरुणाचे केस विरळ होऊ लागले तर घरच्यांच्या आधी ते न्हाव्याच्या ध्यानात येते. डॉक्टराच्या कागदावर मात्र ते फार उशिरा चढते, किंवा चढतच नाही.

आता मुरुमांकडे वळू. पुस्तकांत यांना तारुण्यपीटिका म्हणतात, आमच्याकडे पुटकुळ्या म्हणतात. वयात आलेल्या मुलामुलींच्या अंगात जे रस वाढतात, त्यांनी त्वचेखालील तेलाच्या ग्रंथी जोमाने काम करू लागतात. छिद्रांची तोंडे बुजतात, आत जंतू वाढतात, आणि पुळी येते. परंतु सगळेच मुरुम तारुण्याचे नसतात. १८९९ साली जर्मनीत कार्ल हर्क्सहायमर या त्वचारोगतज्ज्ञाने क्लोरीनच्या कारखान्यातील कामगारांच्या अंगावर उठणाऱ्या मुरुमांचे वर्णन केले आणि त्यांना क्लोरीनचे मुरुम असे नाव दिले. पुढे कळले की, क्लोरीन नव्हे, तर क्लोरीनयुक्त काही सेंद्रिय द्रव्ये त्यांना कारण होती. लेथवर उभे राहून ज्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर दिवसभर खनिज तेल उडते, त्यांनाही त्या त्या जागी मुरुम येतात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, शिसे आणि पारा यांच्या विषबाधेबरोबरच, या तेलाच्या मुरुमांचाही समावेश होता. असा रोगी आढळला तर व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टराने सरकारी निरीक्षकाकडे कळवावे, असे त्या कायद्याचे ८९ वे कलम सांगत होते. म्हणजे मुरुम ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, हे कायद्याने मान्य केले होते. ती नोंद प्रत्यक्षात किती वेळा झाली हे ज्यांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर दिवस काढले आहेत त्यांना विचारावे. आमच्या उभ्या उमेदवारीत ‘उष्णता वाढली आहे, ताक पीत जा’ एवढाच शेरा आम्ही ऐकत आलो.

मुरुमांवर आजवर निघालेल्या औषधांत ज्याने सर्वांत मोठा फरक पाडला, ते आयसोट्रेटिनॉइन होय. ते अ जीवनसत्त्वाच्या कुळातले आहे. आणि केस गळण्याची कथाही या कुळापासूनच सुरू होते. अ जीवनसत्त्व कमी पडले तर माणसास रातांधळेपणा येतो, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ते जास्त झाले तर काय होते, हे ठाऊक होण्यास दक्षिण ध्रुवाजवळील बर्फावर एका माणसाचा बळी जावा लागला. १९१२-१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डग्लस मॉसन आणि स्वित्झर्लंडचे झेवियर मेर्ट्झ यांचे अन्न एका सोबत्यासह बर्फाच्या भेगेत नाहीसे झाले. उरलेल्या दोघांनी गाडी ओढणारी कुत्री मारून खाल्ली. त्यांची काळजेही खाल्ली. दोघांच्याही अंगाची कातडी सोलून निघू लागली आणि केस गळू लागले. मेर्ट्झ जानेवारी १९१३ मध्ये मरण पावला. मॉसन कसाबसा परतला. त्या कुत्र्यांच्या काळजांत अ जीवनसत्त्वाचा अतिरेकी साठा असावा आणि त्याचीच ही विषबाधा असावी, असा तर्क १९६९ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडला. मृत्यूनंतर ५६ वर्षांनी! रोजनिशी लिहिलेली होती, कातडी आणि केस यांचा उल्लेख तीत होता, म्हणून तो तर्क मांडता तरी आला.

कातडी सोलून काढणारे द्रव्य बुजलेली छिद्रे मोकळी करील, हा विचार मात्र त्याआधीच काही डॉक्टरांना सुचला होता. १९४० नंतरच्या काळात अमेरिकेत मुरुमांवर अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊन पाहण्यात आल्या. मात्रा वाढवावी तो विषबाधेची लक्षणे दिसत, कमी करावी तो गुण येत नसे. तेव्हा त्याच कुळातील आम्ल शोधून ते पोटात देण्याऐवजी तोंडाला लावावयाचे, असा मार्ग निघाला. ट्रेटिनॉइन नावाचे हे मलम १९७१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याचे श्रेय जाते ते फिलाडेल्फियाचे डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांच्याकडे. या गृहस्थांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू त्यांच्या हातात होत्या.

क्लिगमन हे अत्यंत बुद्धिमान संशोधक होते. १९६१ साली त्यांनी केसगळतीच्या एका प्रकाराचा उलगडा केला आणि त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिले. आपण मराठीत त्यास विश्रांत केसांची गळ म्हणू. प्रकार असा: माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. त्यांतील शेकडा ८५ ते ९० केस एका वेळी वाढत असतात. हा वाढीचा काळ काही वर्षांचा असतो. उरलेले केस विश्रांती घेतात. ती सुमारे तीन महिन्यांची असते. विश्रांती संपली की केस गळतो आणि त्या जागी नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण होय. परंतु शरीरास एखादा धक्का बसला, जसे बाळंतपण, विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार किंवा एखादे औषध, तर वाढत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवशी काही दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी ते सर्व केस एकाच वेळी गळू लागतात आणि माणूस घाबरतो. मूळ मेलेले नसते. धक्का दूर झाला की साधारणपणे काही महिन्यांत डोके पुन्हा भरते.

ही दोन-तीन महिन्यांची दिरंगाई श्रोत्यांनी विसरू नये, कारण सगळा घोटाळा तेथे होतो. गणपतीत ताप आला आणि दिवाळीनंतर केस गळू लागले, तर माणूस दिवाळीत बदललेल्या तेलाला दोष देतो. गोळी मे महिन्यात सुरू केली आणि केस ऑगस्टात गळले, तर तो पावसाच्या पाण्याला दोष देतो.

हा उलगडा करणाऱ्या क्लिगमन यांची दुसरी बाजू अशी की, १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर त्यांच्या देखरेखीखाली औषधांचे, प्रसाधनांचे आणि रसायनांचे प्रयोग चालले. ट्रेटिनॉइनही त्या तुरुंगात वापरून पाहिले गेले. तुरुंगात प्रथम शिरताना आपल्याला माणसे दिसली नाहीत, कातडीची एकरच्या एकर जमीन दिसली, सुपीक शेत पाहून शेतकऱ्यास वाटावे तसे वाटले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी १९६६ साली एका वार्ताहरापाशी काढले. शेतीची उपमा आमच्या कर्जतच्या भातकऱ्यास कळेल. पण ज्याच्या अंगाची ती जमीन झाली त्याचे मनही त्याला कळेल. ते कैदी बहुसंख्येने काळे आणि गरीब होते, आणि थोड्याशा डॉलरांसाठी पाठ आणि दंड उघडे करीत होते. आपल्या अंगावर काय लावले जात आहे हे त्यांना नीट सांगितले जात नसे. १९६०-७० च्या दशकात डाऊ या रसायन कंपनीसाठी सुमारे ७० कैद्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन हे विष लावण्यात आले. हेतू हा की, कंपनीच्या कामगारांना जे क्लोरीनचे मुरुम येत, ते किती मात्रेने येतात हे कळावे. काही कैद्यांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट मात्रा देण्यात आली आणि त्यांच्या अंगावर मुरुम उठले. १९९८ साली ॲलन हॉर्नब्लम यांनी या प्रयोगांवर ग्रंथ लिहिला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये क्षमा मागितली. क्लिगमन २०१० मध्येच वारले होते. आणि बहुतेक कैद्यांना पुढे काय झाले याची पद्धतशीर नोंद कोणी ठेवली नाही.

एकच माणूस मुरुमांचे औषध देतो, केसगळतीचा नियम शोधतो, आणि मुरुम निर्माण करण्यासाठी विषही लावतो! क्लिगमन यांची विद्या आम्ही नाकारीत नाही. आज रोजी आपण ती वापरतो. पण ज्याच्या अंगावर परिणाम होतो, त्याला विचारण्याची आणि त्याने सांगितलेले टिपून ठेवण्याची रीत नसेल, तर विद्या कितीही मोठी असली तरी तिचा हिशेब अपुरा राहतो, एवढे यावरून शिकावे.

आता आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत गॅरी पेक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली १४ रोग्यांचा वृत्तांत छापला. यांचे मुरुम खोल गाठींचे आणि दुसऱ्या कशाने न हटणारे होते. त्यांपैकी १३ जणांची त्वचा स्वच्छ झाली आणि औषध थांबविल्यावरही स्वच्छ राहिली. १९८२ मध्ये हे औषध अमेरिकेत बाजारात आले. ज्या तरुणांनी चेहऱ्यामुळे लोकांत जाणे सोडले होते, त्यांना ते वरदान वाटले, आणि ते खोटे नव्हते. परंतु वर्ष उलटते न उलटते तो, गरोदरपणात हे औषध घेतलेल्या स्त्रियांची मुले गंभीर व्यंगे घेऊन जन्मल्याच्या वार्ता येऊ लागल्या. गरोदर स्त्रीने किंवा गरोदर राहण्याचा संभव असलेल्या स्त्रीने हे औषध घेता कामा नये, हा नियम आज जगभर आहे, आणि आपल्याकडेही ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याचे औषध नाही. केस गळण्यापेक्षा ही गोष्ट शतपटीने मोठी आहे. ती आम्ही येथे मुद्दाम उच्चारतो.

केसांविषयी या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात नोंद आहे: केस विरळ होऊ शकतात, आणि थोड्या जणांच्या बाबतीत ते तसेच राहतात. किती जणांचे? निरनिराळ्या ठिकाणच्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली एक आढावा निघाला. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी मात्रा घेणाऱ्यांत शेकडा सुमारे ३, आणि त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्यांत शेकडा सुमारे ६ जणांनी केसगळतीची तक्रार केलेली आढळली. मात्रेबरोबर तक्रार वाढते, ही खूण औषधाच्या विरुद्ध जाते. पण शंभरांतील चौऱ्याण्णवांहून अधिक लोकांची काही तक्रार नाही, हेही त्याच पाहण्या सांगतात.

शिवाय औषधावर आरोप ठेवण्यापूर्वी इतर संशयितही तपासले पाहिजेत. ज्या रसांमुळे तोंडावर मुरुम उठतात, तेच पुरुषी रस डोक्यावरील केस बारीक करतात. तेव्हा अठरा-वीस वर्षांच्या मुलास मुरुम आहेत आणि कपाळावरचे केस मागे हटत आहेत, तर दोन्ही एकाच झाडाची फळे असू शकतात. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात मुलीच्या तोंडावर मुरुम येतात, पाळी चुकते आणि केसही विरळ होतात; मग गोळीने केस गेले, असे घरात ठरते. अंगात लोह कमी असणे, थायरॉईडचा विकार, डेंग्यूसारखा ताप, वजन उतरविण्यासाठी केलेले उपास, ही आणखी कारणे आहेत. कर्जत-खालापुरात पावसाळ्यानंतर तापाची साथ नसेल असे वर्ष विरळा, आणि लोहाची कमतरता तर कष्टकरी बायकांच्या पाचवीलाच पूजलेली. असे असता केस गळाले म्हणून एकदम गोळीला फाशी देणे हा न्याय नव्हे. आणि ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून मुलीला घरी पाठविणे हाही न्याय नव्हे. दोन्हींमध्ये तपास टाळला जातो.

तपास कसा होतो, याचे अगदी ताजे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि भोवतालच्या खेड्यांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांतच टक्कल पडावे इतक्या वेगाने! विश्रांत केसांची गळ अशी धावत नाही; ही बाधा वेगळी होती. एकूण १८ गावांतील २७९ लोक त्यात सापडले. मुलींनी महाविद्यालयात जाणे सोडले, काहींनी डोकी भादरून घेतली. प्रथम पाण्यावर संशय आला, बुरशीवरही आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले. याच वेळी आपल्या रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या हिंमतीवर तपास केला. विंचूदंशावरील उपचारासाठी ज्यांचे नाव जगभर झाले, तेच हे डॉक्टर. विंचवाचे काम त्यांनी १९७६ पासून बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आरंभिले होते. त्यांनी गावकऱ्यांचे रक्त, लघवी आणि केस तपासविले, आणि रेशन दुकानातील गहूही तपासविला. त्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य नेहमीच्या कितीतरी पट आढळले. रोग्यांच्या शरीरातही ते वाढलेले होते आणि जस्त घटलेले होते. परराज्यातून आलेला रेशनचा गहू हे या बाधेचे कारण, असे मत त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडले. गावांची यादी, माणसांची संख्या, गळतीची तारीख आणि खाल्लेल्या धान्याचा नमुना, एवढ्या गोष्टी हाती होत्या म्हणून एका डॉक्टरास इतके चालता आले. एकेकटा माणूस टोपी घालून घरात बसला असता, तर काहीच कळले नसते.

आमच्या भागात नेमके हेच होते. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके औषधांपासून दूर आहेत असे कोणी समजू नये. १८५६ साली आगगाडी खोपोलीच्या पायथ्याशी आली, १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले, आणि त्या वीजघरातून सुटणारे पाणी पाताळगंगेत येऊ लागले. पाण्यामागे कारखाने आले. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खालापूर तालुक्यात रसायनी येथे तिचा कारखाना उभा राहिला. नायट्रोबेन्झीन, ॲनिलिन अशी जी मूळ रसायने परदेशातून आणावी लागत आणि ज्यांपासून पुढे रंग आणि औषधे बनतात, ती देशातच करावी हा तिचा हेतू. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवरील मक्तेदारी काढून टाकली आणि निराळ्या कृतीने तेच औषध बनविण्याची वाट भारतीय कंपन्यांना मोकळी झाली. देशात औषधे स्वस्त झाली त्याचे हे एक मोठे कारण. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आले. मुरुमांच्या मलमांत जे सॅलिसिलिक आम्ल घालतात, तेही खोपोलीच्या परिसरात तयार होत आले आहे. रसायनीचा तो सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, परंतु औषधधंदा आमच्या खोऱ्यातून गेला नाही. पिंप भरणारे हात आमचे, गोळ्यांची खोकी गाडीत चढविणारे हात आमचे. त्या खोक्यातील इंग्रजी पत्रक वाचणारे डोळे मात्र आमचे नाहीत.

एका कारखान्याच्या फाटकावर आम्हांस भेटलेल्या एका हंगामी कामगाराची गोष्ट सांगतो. वय बाविशीच्या आत. मित्राने दिलेली मुरुमांची गोळी तो तीन महिने घेत होता. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. केस गळू लागले तशी त्याने ती बंद केली. मुरुम पुन्हा आले. लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून घरी सांगितले नाही. पाळी चुकली तर काम जाईल, म्हणून दवाखान्यात गेला नाही. गोळीचे नाव विचारले तर पाकीट फेकून दिलेले. त्याचे केस गोळीने गेले, की दोन महिन्यांपूर्वी आलेल्या तापाने गेले, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. जगातल्या कोणत्याही शेकडेवारीत हा मुलगा नाही. गळलेल्यांतही नाही आणि न गळलेल्यांतही नाही.

औषधांच्या उपद्रवांची मोजदाद ठेवण्याची व्यवस्था जगाने मोठी किंमत देऊन उभी केली आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध निर्धोक म्हणून विकले गेले. गरोदर स्त्रियांनी ते घेतले आणि हजारो मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीच्या बाजारातून काढले गेले. त्या हाहाकारातून ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी उपद्रव कळविण्याचे पिवळे कार्ड काढले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये देशोदेशींच्या नोंदी एकत्र करण्याचे काम हाती घेतले. आपल्या देशाने यात प्रवेश केला तो १९९७ नंतर. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्या वेळच्या केंद्रांपैकी एक होते. २०१० साली भारताचा औषधसतर्कता कार्यक्रम सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. या कार्यक्रमातील एक गोष्ट आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. औषधाचा उपद्रव कळविण्यास डॉक्टरच असावे लागते असे नाही. रोग्याने स्वतः भरावयाचा अर्ज आहे, आणि तो मराठीतही आहे. १८००-१८०-३०२४ या विनामूल्य दूरध्वनीवरही कळविता येते. औषधानेच झाले असे सिद्ध करण्याची जबाबदारी कळविणाऱ्यावर नाही. संशय पुरेसा आहे. पुष्कळ संशय एकत्र आले की त्यांतून खरे-खोटे वेगळे करणे हे तज्ज्ञांचे काम.

कामगार संघटनेने आम्हांस एक गोष्ट शिकविली. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याचा पगार कोणी देत नाही आणि अपघाताची भरपाईही कोणी देत नाही. औषधांच्या बाबतीतही तोच न्याय आहे. माहितीपत्रकातील ‘केस गळू शकतात’ हे वाक्य कोणा कंपनीच्या औदार्याने तेथे आलेले नाही. कोणीतरी सांगितले, कोणीतरी लिहून घेतले, म्हणून ते छापले गेले. आणि ‘शेकडा ३’ हा आकडा जर ज्यांच्याजवळ डॉक्टर होता अशांचाच असेल, तर चिठ्ठीविना गोळी घेणाऱ्या, अर्धपोटी, तापातून उठलेल्या मुलांचा आकडा काय असेल? तो आमच्याशिवाय कोण देणार?

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो. मुरुमांचे औषध घ्यावयाचे ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून, चिठ्ठीने आणि बिल घेऊन घ्यावे. पाकीट औषध संपेपर्यंत जपून ठेवावे. एका वहीत औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि केस गळू लागले तर त्याची तारीख लिहावी. त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत ताप, बाळंतपण किंवा उपास झाला असेल तर तेही लिहावे. केस गळू लागले म्हणजे घाबरून औषध टाकू नये आणि लपवूनही ठेवू नये. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा कमी करावयाची, रक्त तपासावयाचे की औषध बदलावयाचे, हे ते ठरवतील. आणि आमच्या संघटनांनी, कर्जत-खोपोलीच्या वाचनालयांनी, तसेच औषधविक्रेत्यांनी तो मराठी अर्ज आपल्या टेबलावर ठेवावा. हा खर्च काही रुपयांच्या कागदाचा आहे. न्हावीबंधूंनाही विनंती की, गिऱ्हाइकाचे केस विरळ दिसले तर नवे तेल विकण्यापूर्वी, ‘तीन महिन्यांमागे काय झाले होते?’ एवढे त्याला विचारावे.